उगाचच्या नोंदी

भालचंद्र मगदूम ऊर्फ अण्णा यांनी चौतीस वर्षं दुसऱ्यांचे काटे तपासले होते. वजनमाप निरीक्षक म्हणून त्यांचा असा काही दरारा होता, की त्यांची जीप बाजारपेठेत वळली की मिरजेतले दुकानदार तागडीखाली चिकटवलेली चिंच काढून गुपचूप खिशात घालायचे. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली आणि एकाहत्तराव्या वर्षी त्यांच्यावर अशी वेळ आली, की एक काटा त्यांनाच तपासायला लागला. तो काटा एका चष्म्यात बसवलेला होता आणि अण्णांच्या मते साफ खोटा होता.

चष्म्याचं नाव होतं ‘जिज्ञासा’. त्यामागचं शास्त्र मात्र खोटं नव्हतं. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण एखाद्या प्रश्नाचं उत्तर ऐकण्याची ओढ लागली, तरीही ती मोठी होते, अगदी किंचित, साध्या नजरेला सहसा न कळण्याइतकी. मेंदूच्या देठाशी निळसर रंगाचा एक इवलासा ठिपका असतो. कुतूहल जागं झालं की त्यातल्या पेशी कामाला लागतात आणि बाहुली रुंदावते. म्हातारपणी विसराळूपणाचा आजार जडायचा असेल, तर सगळ्यांत आधी थकतात त्याही याच पेशी. म्हणजे बाहुली किती वेळा आणि किती रुंदावते हे मोजत राहिलं, तर आजाराची चाहूल काही वर्षं आधी लागू शकते. चष्म्याच्या दांडीतला कॅमेरा हे मोजायचा, खोलीतल्या उजेडाचा परिणाम त्यातून वजा करायचा आणि दर रविवारी शंभरपैकी एक आकडा द्यायचा. त्याला जिज्ञासांक म्हणत. दोन हजार एकेचाळीस सालापर्यंत डॉक्टर लोक साठीच्या पुढच्या माणसाला रक्तदाबाइतक्याच सहजपणे जिज्ञासांक विचारू लागले होते.

अण्णांचा जिज्ञासांक होता एकतीस.

हा आकडा त्यांच्याआधी पुण्यात त्यांच्या मुलीच्या फोनवर पोचायचा. पद्मजा पुलांचे आराखडे करणारी अभियंता होती. आकडा चाळिसाच्या खाली गेला की ती लगेच मिरजेला फोन लावायची. तीन वर्षांपूर्वी आई गेल्यापासून अण्णा मिरजेच्या घरात एकटे होते आणि डॉक्टरांचं म्हणणं होतं, की सलग तीन महिने चाळिसाच्या आत राहणाऱ्या माणसानं एकटं राहू नये. पद्मजानं पुण्यातल्या ‘सांजसोबत’ नावाच्या निवासात एक खोली सांगून ठेवली होती. खोली चांगली होती, बाल्कनीसकट. मुदत मार्चअखेरची होती.

“अण्णा, मी काय तुम्हाला घराबाहेर काढत्येय का? जवळ असाल एवढंच,” ती फोनवर म्हणायची.

“जवळ ये की मग तूच,” अण्णा म्हणायचे आणि विषय तिथंच थांबायचा.

मनातून मात्र ते हादरले होते. हे घर, मागचा आड, शेवग्याचं झाड, गल्लीतली माणसं, हे सोडून बाल्कनीत बसायची कल्पनाच त्यांना सहन होईना. म्हणून ते हट्टानं आकडा वाढवायच्या मागे लागले. रोज सकाळी चष्मा लावून विज्ञानाची माहिती वाचायला बसायचे. त्या काळी माहितीला तोटा नव्हता. काहीही विचारा, यंत्र क्षणात तुमच्यापुरतं पान लिहून द्यायचं, गुळगुळीत, बिनचूक, तुमच्या वयाला झेपेल अशा अक्षरांत. अण्णांनी कृष्णविवरांबद्दल वाचलं, देवमाशांबद्दल वाचलं, मंगळावरच्या बटाट्यांबद्दलही वाचलं. प्रश्न मनात उगवायच्या आतच उत्तर समोर हजर व्हायचं. बाहुली जागची हलेना. एकदा त्यांनी खिडक्या लावून, दिवा मालवूनही वाचून पाहिलं, पण चष्म्यानं अंधार वजा केला आणि आकडा एकोणतीसवर आणला.

“लबाड आहे लेकाचा,” अण्णा म्हणाले. लबाडी त्यांचीच होती, पण ते असो.

शेवटी त्यांच्यातला निरीक्षक चवताळून उठला. त्यांनी यंत्राला विचारलं, की खोटा काटा कसा ओळखावा? यंत्रानं नेहमीसारखं गुळगुळीत पान पुढं केलं. अण्णांना त्यातलं सगळं आधीच पाठ होतं. ते खाली खाली सरकत गेले. दुसरं पान, दहावं पान, चाळिसावं पान. इतक्या खाली सहसा कुणी उतरत नसे. तिथं, तळाशी, माणसांनी हातानं लिहिलेली जुनी-नवी पानं गाळासारखी साचलेली होती. त्यात एक मथळा दिसला: ‘आमच्या गॅसवाल्याचा ताणकाटा खरं बोलतो का? एक्केचाळीस सिलिंडरांची उलटतपासणी’.

ब्लॉगचं नाव होतं ‘उगाचच्या नोंदी’. लिहिणारी होती रेणुका ढवळे, मुक्काम वर्धा. मुलींच्या एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळते, असं तिनंच लिहिलं होतं. बाईंनी सिलिंडर तोलायला घरचा काटा वापरला होता आणि तो काटा खरा आहे की नाही हे पाहायला एका पोत्यात पाण्याच्या मोजून पन्नास बाटल्या भरल्या होत्या. त्यातल्या तीन बाटल्या वसतिगृहातल्या मुलींनी मधल्या मध्ये पिऊन टाकल्यामुळे आपण आठवडाभर त्या बिचाऱ्या गॅसवाल्याला चोर समजत होतो, अशी कबुलीही तिनं दिली होती. अण्णा मोठ्यानं हसले. घरात आपलाच आवाज ऐकून ते दचकले आणि पुन्हा हसले.

मग ते उठलेच नाहीत. पापड भाजताना आधी कोणत्या बाजूनं वळतो, याच्या तीनशे बारा पापडांवरच्या नोंदी. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकून आत काय शिजतंय ते ओळखता येतं का? दहात सात वेळा येतं. तुरीची डाळ आणि बटाटा यांत घोटाळा होतो. कुत्रा बसण्यापूर्वी किती गिरक्या घेतो आणि वसतिगृहाची अधीक्षिका जवळून गेली की त्यात फरक पडतो का? पानाच्या कडेला ‘माझ्यासारखे रिकामटेकडे’ अशी यादी होती. त्यातून अण्णा परभणीच्या एका दंतवैद्य बाईच्या ब्लॉगवर गेले, जी ऊस चावण्याच्या आवाजावरून दाताची कीड ओळखायचा खटाटोप करत होती. तिथून ते कणकवलीच्या एका निवृत्त पोस्टमनकडे गेले, ज्यानं कुठल्या रंगाच्या विजारीला कुत्री जास्त भुंकतात याचा नऊ वर्षांचा तक्ता मांडला होता. ही सगळी माणसं एकमेकांची पानं वाचायची, चुका काढायची, भांडायची. यंत्राच्या पानांखाली हा एक अख्खा गाव नांदत होता आणि अण्णांना त्याचा पत्ता नव्हता.

त्या रविवारी जिज्ञासांक आला अठ्ठावन्न. पद्मजाचा लगेच फोन. “अण्णा! काय केलंत काय?”

“वाचतोय,” अण्णा म्हणाले. आवाजात माज होता.

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग रेणुकाबाईंनी दुधाची नोंद लिहिली.

नोंदीचं नाव होतं ‘दुधाला लाज वाटते का?’ लक्ष नसलं की दूध नेमकं उतू जातं, अशी सगळ्यांचीच तक्रार असते. बाईंनी ती तपासली होती. एकच पातेलं, एकच शेगडी, तेवढंच लिटरभर दूध. तीस वेळा त्या दुधाकडे टक लावून उभ्या राहिल्या, तीस वेळा बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या. फस्स आवाज आला की घड्याळ बंद करायचं. निकाल असा, की पाहत राहिलं तर दूध सरासरी सत्तेचाळीस सेकंद उशिरा उतू जातं. ‘कारण माहीत नाही,’ असं शेवटी लिहिलं होतं. ‘दूध लाजत असावं.’

अण्णा ताडकन उठले. सत्तेचाळीस सेकंद! साठ प्रयोगांत एवढा फरक योगायोगानं येत नाही आणि दुधाला डोळे नसतात. म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. त्यांनी दूधवाल्याला रोजचं अर्धा लिटर सोडून आठ लिटर आणायला सांगितलं आणि स्वयंपाकघरात ठाण मांडलं. चष्म्यावर वाफ जमायची, म्हणून तो काढून दिवाणखान्यातल्या कपाटावर ठेवला.

तीन दिवसांत चोवीस प्रयोग झाले. बारा पाहून, बारा न पाहता. फरक आला दोन सेकंद, म्हणजे काहीच नाही. उरलेल्या दुधाची बासुंदी झाली, खवा झाला, खरवडीची वडी झाली. गल्लीत वाटून झाल्यावर समोरच्या चौगुलेकाकी म्हणाल्या, “अण्णा, आता पुरे करा हो, आमच्या ह्यांची साखर वाढली.”

अण्णांनी रेणुकाबाईंच्या नोंदीखाली लिहिलं: ‘महोदया, सदर प्रयोगाची फेरतपासणी केली असता फरक आढळून आला नाही. आपल्या नोंदींत त्रुटी असल्याचा संशय आहे. खुलासा करावा. भा. पा. मगदूम, वजनमाप निरीक्षक (निवृत्त).’ खाली फोन नंबरही दिला.

दहा मिनिटांत फोन वाजला. बाईंचा आवाज तापलेला होता. “काय हो साहेब, मी काय खोटं लिहून राहिली का? साठ वेळा दूध तापवलं जी मी! हॉस्टेलच्या पोरी हसत होत्या माझ्यावर.”

“खोटं नाही म्हटलं, बाई. त्रुटी म्हटलं.”

“एकच झालं ते.”

“एक नाही. मी चौतीस वर्षं हेच काम केलं. दुकानदार लबाड निघायचा त्याच्या दुप्पट वेळा नुसता काटा बिघडलेला निघायचा. आणि कधी कधी आमचंच वजन झिजलेलं असायचं. म्हणून आधी आपलं वजन तपासायचं, मग त्याचा काटा. तुम्ही सांगा, मी विचारतो.”

मग अर्धा तास तपासणी चालली. पातेलं कुठल्या धातूचं? दूध फ्रिजमधलं की ताजं? सिलिंडर नवा की संपत आलेला? खिडकी उघडी होती का? बाई एकेकाचं उत्तर देत होत्या आणि प्रत्येक उत्तर बिनतोड होतं. अण्णांचे प्रश्न संपत आले. शेवटचा म्हणून त्यांनी विचारलं, “तुम्ही पाहत उभ्या असताना नेमकं काय काय करता? सुरुवातीपासून सांगा.”

“काय करणार? दूध ठेवते, गॅस लावते, घड्याळ लावते, पंखा लावते, उभी राहते.”

“पंखा?”

“भिंतीवरचा छोटा हो. गरम होते ना जी, वर्ध्यात मार्चातच अंगाची लाही होते. माझ्याकडे तोंड करून असते तो, गॅसकडे नाही. ज्योत हलतही नाही.”

“आणि बाहेर जाऊन बसता तेव्हा?”

“तेव्हा कशाला पंखा? रिकाम्या खोलीत...” बाई बोलता बोलता थांबल्या. मग वर्ध्याहून असं खदखदून हसू आलं, की अण्णांना फोन कानापासून लांब धरावा लागला. तेही हसत होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. पाहणारीच्या अंगावरून येणारा वारा दुधाची वाफ उडवून नेत होता, पातेल्याच्या कडा थंड करत होता आणि साठ नोंदींत त्या पंख्याचा उल्लेख नव्हता, कारण घरातला पंखा कुणी नोंदीत लिहीत नाही.

“मी पंखा बंद करून पुन्हा तीस करते,” बाई म्हणाल्या. “आणि तुम्ही लावून करा.”

अण्णांनी माळ्यावरचा टेबलपंखा खाली काढला.

या सगळ्या धांदलीत रविवार आला आणि गेला. कपाटावरच्या चष्म्यानं आपलं काम चोख केलं होतं. बुधवारपासून त्याच्यासमोर डोळाच आला नाही. प्रतिसाद नाही म्हणजे शून्य, असं त्याला शिकवलेलं होतं. पद्मजाच्या फोनवर आकडा आला एकोणीस. अण्णा फोन उचलेनात, कारण पंख्याच्या आवाजात तो ऐकू येत नव्हता. सोमवारी सकाळी दहा वाजता पद्मजा रिकामी बॅग घेऊन मिरजेच्या घराच्या दारात उभी होती.

दार उघडंच होतं. आत खरपूस वास भरून राहिला होता. स्वयंपाकघरात अण्णा बनियनवर, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात घड्याळ धरून उभे होते. ओट्यावर चार पातेली, खाली जमिनीवर दुधाचे ओघळ.

“अण्णा,” ती हळूच म्हणाली, एखाद्या लहान मुलाशी बोलावं तशी. “दूध उतू गेलंय.”

“जाऊ दे की. तेच तर पाहिजे.”

ते ऐकून तिला रडूच कोसळलं. तिनं बॅग खाली टाकली आणि तिथंच खुर्चीवर बसली. “मी चुकले. आधीच यायला पाहिजे होतं. एकोणीस आलाय अण्णा, एकोणीस! मी रात्रभर... तुम्हाला काही आठवतंय का, शेवटचं कधी बोललो आपण?”

“मंगळवारी. तुझ्या त्या पुलाचा खांब खचला होता.” अण्णांनी गॅस बंद केला. “पद्मा, हे बघ, मी ठीक आहे. एकोणीस कशानं आला ते बघू या की आधी.”

त्यांनी वही आणली. अण्णांची वही म्हणजे सरकारी वही. तारीख, वेळ, पातेल्याचं वजन, पंखा चालू की बंद, शेरा. शेजारी त्यांनी तिचा फोन ठेवला, त्यात चष्म्याचा आलेख होता. पद्मजा डोळे पुसत बघू लागली. आलेख सपाट पडला होता बुधवारी पहाटे साडेसहाला. वहीत बुधवारी पहाटे साडेसहाला पहिला प्रयोग लिहिला होता. जिथं जिथं वही भरगच्च होती तिथं तिथं आलेख शून्यावर होता.

“चष्मा काढला होता?”

“वाफ धरते. आणि चष्मा लावून कुणी दूध तापवतं होय?”

पद्मजा अभियंता होती, पण मुलगीही होती आणि आज मुलगीच वरचढ होती. “हे तुमचं म्हणणं झालं अण्णा. पण तीस-एकतीस तर चष्मा लावूनच आले होते. तेव्हाचं काय?”

तेव्हाचा आकडा खोटा नव्हता, हे अण्णांना मनातून ठाऊक होतं. बायको कमल गेल्यापासून ते खरोखरच कशाकडे बघत नव्हते. एकदम त्यांना वाटलं, की मुलगी बरोबर असेल, आपण नुसता हट्ट करतोय. मग कपाटावरचा चष्मा काढून त्यांनी तिच्या हातात दिला.

“हे तू घाल. माहीत असलेलं वजन ठेवल्याशिवाय काटा तपासता येत नाही. तू धडधाकट आहेस की नाही? एक्केचाळीस वर्षांची, दोनशे माणसं हाताखाली. घाल आणि तुझं रोजचं काहीतरी वाच.”

पद्मजानं चष्मा लावला आणि यंत्रानं तिच्यासाठी तयार केलेलं सकाळचं पान वाचलं, रोज वाचायची तसं. दहा मिनिटांनी चष्म्यानं तात्पुरता आकडा दाखवला. तेहतीस.

तिनं चष्मा काढून पुन्हा लावला. तेहतीसच.

“तुझ्यासाठी पण सांगून ठेवू या का खोली?” अण्णा म्हणाले. “माझ्या शेजारची बघ, बाल्कनीसकट.”

पद्मजाला हसू आलं, पण ते पूर्ण व्हायच्या आत अण्णांचा फोन वाजला. वर्ध्याहून होता. अण्णांनी आवाज मोठा केला.

“साहेब, तीस झाले, पंखा बंद करून,” रेणुकाबाई धापा टाकत होत्या. “सत्तेचाळीस गेले, पण सगळे नाही गेले. अजून नऊ सेकंद उरतात हो! पाहत राहिलं की नऊ सेकंद उशीर. खिडकी बंद, दार बंद, मी श्वासही रोखून पाहिला जी!”

“नऊ?” अण्णा उभे राहिले. “नऊ कसे उरतील?”

पद्मजा त्यांच्या तोंडाकडे बघत होती. खिडकीतून लख्ख ऊन अण्णांच्या चेहऱ्यावर पडलं होतं. एवढ्या उन्हात माणसाची बाहुली मोहरीएवढी होते. अण्णांची झाली नव्हती. तिला ती चांगली मोठी, काळीभोर दिसत होती, कुठल्याही चष्म्याशिवाय. आई असताना ते तिच्यापुढं भाजीवाल्याची वजनं हातावर तोलून दाखवायचे, तेव्हाचे डोळे तिला आठवले.

“उभी असता तेव्हा पातेल्याच्या किती जवळ असता?” अण्णा फोनवर विचारत होते. “हातभर? थांबा, फोन ठेवू नका. इथं दोघं आहोत आता. एकजण पातेल्याजवळ उभं राहील, पण पाहणार नाही. पद्मा, ऊठ.”

“मी काय करू?”

“पाठ करून उभी राहा. फस्स झालं की बटण दाबायचं. मागं वळायचं नाही, काही झालं तरी.”

पद्मजानं पदर खोचला, घड्याळ हातात घेतलं आणि ओट्याकडे पाठ करून उभी राहिली. अण्णांनी दूध ठेवलं, गॅस लावला आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. स्वयंपाकघरात फक्त ज्योतीचा आवाज होता. ती कान देऊन उभी होती. अजून नाही. अजून नाही. नऊ सेकंद कुठून येत असतील? माणसाच्या अंगाची ऊब? पण त्यानं तर लवकर व्हायला पाहिजे. की जवळ उभं राहिलं, की...

तिचा फोन थरथरला. ‘सांजसोबत’मधून होता.

“मॅडम, आज मगदूम साहेबांना घेऊन येणार होतात ना? गाडी किती वाजता पाठवू?”

“आत्ता बोलता येणार नाही,” पद्मजा कुजबुजली. “गॅसवर दूध आहे.”

“मग दुपारी फोन करू?”

“नको. ती खोली दुसऱ्या कुणाला तरी द्या. अण्णांना सवड नाही.”

मागं फस्स झालं. पद्मजानं मागं वळून न बघता बटण दाबलं.